व्ही म्हणजे काय

(जॉर्जिया, १९६६ चा उन्हाळा. विद्यापीठातली एक लहानशी खोली, टेबलावर शब्दांच्या जोड्या दाखवणारं यंत्र. पीएच.डी. करणारा कॅथकार्ट आणि उन्हाळी वर्गाला आलेल्या शिक्षिका ऑगल्सबी.)

ऑगल्सबी : नाही साहेब, दुसरी यादी नाही वाचणार मी. निघते.

कॅथकार्ट : अगं, असं काय करतेस? पहिली यादी तर फटाफट झाली तुझी. इतक्या लवकर कोणाचीच झाली नव्हती.

ऑगल्सबी : झाली ना? मग पुरे.

कॅथकार्ट : पुरे कसं? खरी गंमत दुसऱ्या यादीतच आहे. जोड्या त्याच, पण जोडीतला जो शब्द बरोबर होता तो आता चूक, आणि चूक होता तो बरोबर. आधीचं शिकलेलं पुढे किती आडवं येतं, तेच मोजायचंय मला. आणि तू शेवटची आहेस. तू उठलीस ना व्हर्लीन, तर माझं सगळं काम लटकलं.

ऑगल्सबी : तेच ते.

कॅथकार्ट : काय?

ऑगल्सबी : व्हर्लीन.

कॅथकार्ट : तुझंच नाव ना? तूच तर सांगितलंस.

ऑगल्सबी : सांगितलं. त्याचीच लाज वाटतेय मला. फॉर्मवर मी काय लिहिलं होतं?

कॅथकार्ट : व्ही. एल. ऑगल्सबी.

ऑगल्सबी : अठ्ठावीस वर्षं तेवढंच लिहिते मी. बँकेत, दवाखान्यात, शाळेत. का, माहीत आहे?

कॅथकार्ट : नाही.

ऑगल्सबी : काळ्या बाईचं पहिलं नाव कळलं की गोरी माणसं तेच धरून बसतात. दुकानातला कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगासुद्धा 'ए व्हर्लीन' म्हणतो. कळलंच नाही, तर निमूट मिसेस ऑगल्सबी म्हणावं लागतं. माझ्या आईनं शिकवलं मला हे. चर्चमधल्या निम्म्या बायकांना माझं नाव ठाऊक नाही. आणि तुम्ही पेन उघडून नुसतं विचारलंत, 'व्ही म्हणजे काय गं?' आणि मी काय केलं? उभी राहिले आणि म्हणाले, 'व्हर्लीन, साहेब.' उभी राहिले! एवढ्याशा पोरापुढे!

कॅथकार्ट : मला फक्त कागद पूर्ण भरायचा होता. त्यात एवढं काय...

ऑगल्सबी : माझ्या आधी कोण होतं?

कॅथकार्ट : मिसेस हॅडॉक.

ऑगल्सबी : त्यांच्या कागदावर काय लिहिलंय?

कॅथकार्ट : मिसेस आर. टी. हॅडॉक.

ऑगल्सबी : आर म्हणजे काय?

कॅथकार्ट : ते... इथे लिहिलेलं नाही.

ऑगल्सबी : विचारलं नाहीत.

कॅथकार्ट : नाही.

ऑगल्सबी : बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते मी. त्या गोऱ्या बाईंना, 'या मिसेस हॅडॉक, पंखा तुमच्याकडे वळवू का?' माझी पाळी आली तर, 'चल, ये तू.'

कॅथकार्ट : देवाशपथ, माझ्या मनात तसं काही नव्हतं. काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र करा म्हणून सह्या गोळा केल्यात मी. त्यापायी वडील वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी.

ऑगल्सबी : मनाचं कोण बोलतंय? जिभेचं बोलतेय मी. किती वर्षांचा आहेस तू?

कॅथकार्ट : चोवीस, मॅडम.

ऑगल्सबी : बघ. नीट विचारलं की येतं.

कॅथकार्ट : तोंड कुठे लपवू असं झालंय मला. आमच्याकडे कपडे धुवायला एक बाई यायच्या. पंधरा वर्षं. ओडेसा म्हणायचो आम्ही, सगळी पोरं. आडनाव मला आजही माहीत नाही.

ऑगल्सबी : ते मला सांगून काय उपयोग?

कॅथकार्ट : काहीच नाही.

ऑगल्सबी : ऐका आता. आमची काळ्या मुलांची शाळा बंद केली. सप्टेंबरपासून मला गोऱ्या मुलांच्या शाळेत पाठवतायत. तीस पोरं समोर बसलेली असतील. पहिल्याच दिवशी एखादं विचारेल, 'व्ही म्हणजे काय?' रात्रंदिवस घोकतेय मी, की सांगायचं नाही. आणि आज कळलं, मी सांगून मोकळी होणार. वर साहेबही म्हणेन. आठ वर्षांच्या पोराला!

कॅथकार्ट : नाही म्हणणार तुम्ही.

ऑगल्सबी : कशावरून?

कॅथकार्ट : दुसऱ्या यादीत सुरुवातीला सगळेच अडखळतात. माहीत असून जुनाच शब्द तोंडातून निघतो. चार-पाच फेऱ्या झाल्या की जमतं.

ऑगल्सबी : ते तुमच्या यादीतल्या शब्दांचं.

कॅथकार्ट : हो. शब्दांचंच. बाकीचं मला कुठे माहीत आहे?

ऑगल्सबी : हे मात्र खरं बोललात.

कॅथकार्ट : हा कागद फाडला बघा. हा नवा. मिसेस व्ही. एल. ऑगल्सबी. मी फार वाईट वागलो, मॅडम. जायचं तर खुशाल जा, मी अडवणार नाही. पण थांबलात तर बरं वाटेल मला. बसता?

ऑगल्सबी : बसते, साहेब.

कॅथकार्ट : बसा, मॅडम.

ऑगल्सबी : ऐकलंत ना? पुन्हा साहेब. लिहा. चूक एक.

कॅथकार्ट : यंत्र अजून सुरूच केलेलं नाही मी, मॅडम.

ऑगल्सबी : माझं झालं सुरू. लिहा.