खिडकीतली सुपारी

पान घेतो, पण सुपारी नको. नेपाळच्या सहलीपासून सोडली.

आपले सेलूचे नारायणराव होते माझ्या खोलीत. बायको गेल्यावर एकटेच आले होते. पोखऱ्यात जेवून खोलीवर आलो, तर खिडकीत एक सुपारी दिसली. कातरली अन् तोंडात टाकली. तेवढ्यात नारायणराव आले.

“इथली सुपारी?”

“खाल्ली की. का?”

“पशुपतिनाथाला अभिषेकात बायकोच्या जागी हीच मांडली होती. म्हटलं, इथलं तळं बी बघू दे तिला.”

मला सुपारी गिळवेना अन् थुंकवेना.

सकाळी सगळे बर्फाचे डोंगर बघायला गाडीतून उतरले. नारायणराव बसूनच राहिले.

“चला की!” मी म्हणालो.

“तुमी जावा. मी आता कुणाला दाखवू?”