पाण्यातली बर्गीण

माझा जन्म इथलाच, कोलकात्याचा. आजोबा साताऱ्याहून नोकरीसाठी आले ते आलेच, घरात मराठी, दाराबाहेर बांगला, आणि मी चांगली तीस वर्षं सियालदाहून लोकल पकडून बजबजच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. मराठी बाई म्हटलं की तिथल्या म्हाताऱ्या हसायच्या, बर्गी आली गं, म्हणजे जुन्या काळी इथे लुटायला आलेले आपले घोडेस्वार, मीही हसायचे, करते काय.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बडदी म्हणायचे, त्या एक दिवस म्हणाल्या, नववीचा इतिहासाचा तास काढून गणिताला देते, मिलमधल्या मजुरांच्या मुलींना व्हेनिस नि जिनोआ कशाला हवंय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एक तास बघायला या, नाही पटलं तर तास तुमचा. बोलून बसले खरी.

सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट हो, दोन्ही दर्यावर्दी राज्यं, एकमेकांना पाण्यात बघणारी. जिनोआवाल्यांनी व्हेनिसच्या अगदी दाराशी असलेलं किओजा बंदर घेतलं, आता व्हेनिस संपलंच म्हणाले सगळे, तर व्हेनिसवाल्यांनी काय करावं, दगड भरलेल्या नावा बंदराच्या तोंडाशी बुडवल्या आणि त्यांनाच आत कोंडलं. हेच मी शाळेजवळच्या नदीच्या घाटावर मांडलं. नदीला मिळणारा खाल, म्हणजे आमचा ओढा हो, ते किओजा, केळीच्या सोपटाच्या होड्या, अर्ध्या मुली आत जिनोआ, अर्ध्या तोंडाशी व्हेनिस.

आणि मी काय केलं, शाळेचं घड्याळ बघून निघाले, नदीला विचारलंच नाही. भरती लागलेली, समुद्राचं पाणी नदीतून उलटं वर चढत होतं. व्हेनिसच्या होड्या बुडायच्या सोडून सरळ आत, शत्रूच्या घरी पाहुण्या गेल्यासारख्या. बडदी म्हणाल्या, घोड्यावरच्या लोकांना पाण्यातलं काय कळणार. कान तापले माझे, तास गेला असंच वाटलं.

तेवढ्यात शेफाली, खेयावाल्याची मुलगी, म्हणजे तिचे बाबा होडीने माणसं पलीकडे नेत, वर्गात कधी तोंड न उघडणारी, ती मला म्हणाली, दिदीमोनी, म्हणजे बाई हो, थांबा, पाणी आता थांबेल. थांबलो. आणि थांबलं हो पाणी! शेफालीने सगळ्यांना कामाला लावलं, होड्या परत तोंडाशी आणा, त्यांत विटांचे तुकडे भरा, आता बुडवा, अजून एक बुडवा, मग ओहोटी लागली आणि जिनोआच्या होड्या बाहेर निघाल्या त्या तोंडाशी येऊन अडकल्या की सगळ्या. काय ओरडल्या मुली! आणि बडदी साडी खोचून पायरीवर उतरल्या, म्हणाल्या, म्हणजे वेढा घालायला आलेलेच वेढ्यात?

तास राहिला. नुसता राहिला नाही, पुढच्या वर्षी बडदी स्वतः विटा गोळा करत होत्या.

आता मी निवृत्त, गुडघे धरलेत. शेफाली त्याच शाळेत इतिहास शिकवते, परवा फोन आला, दिदीमोनी, उद्या घाटावर जातोय, बाबांना विचारून वेळ ठरवलीय. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. म्हटलं, सुखी राहा गं पोरी, आणि ह्या बर्गिणीचा तास कुणाला घेऊ देऊ नकोस.