शिडीचं एक मत

मतदारसंघाची माहिती लिहून काढणारा कारकून मांडीवर फाइल घेऊन बसमध्ये बसला होता. पुढच्या बाकावर दोन म्हातारे कालच्या निकालावर बोलत होते, आणि त्याचे कान तिकडेच होते.

“सात निवडणुका झाल्या, आपलं गाव छत्रीलाच. आणि दर वेळी शिडीला एक मत. एकच!”

“हं.”

“तो न्हावीच! तीस वर्षं मी त्याच्या खुर्चीत बसलो नाही.”

“त्याने आईची शपथ घेतली होती.”

“शपथ घ्यायला काय जातं? आता मुलाकडे राहायला गेला, यादीतून नाव कटलं. यंदा शिडीला भोपळा!”

कारकुनाने ते दोघे चढले त्या गावाचं पान काढलं. त्याला राहवलं नाही.

“आजोबा, तुमच्या गावात यंदाही शिडीला एक आहे.”

“आँ? मग कुणाचं?”

“माझं,” दुसरा म्हातारा म्हणाला.

“तुझं? अरे, वहिनी तर दर वेळी तुला विचारून जायच्या, छत्री कितवी म्हणून.”

“विचारायची. तेवढं चिन्ह सोडायला. शेवटच्या आजारपणात सांगितलं तिने. म्हणाली, मी गेल्यावर शिडी अगदीच एकटी पडेल हो.”

“पण वहिनींना शिडीचं एवढं काय होतं?”

“ते मी नाही विचारलं.”

बसने दोन थांबे घेतले. पहिला म्हातारा गालावरचे खुंट चाचपत राहिला.

“ऐक ना, न्हाव्याच्या मुलाचा पत्ता कुणाकडे मिळेल?”