अकरा-शून्यनंतरची सभा

डॉक्टर : बोलू नकोस. सुई आत आहे.

मास्टर : आँ गाँ आँत... आऊया...

वहिनी : ते म्हणतायत, हॉकी संघटनेत जाऊया.

डॉक्टर : एवढं सगळं कळलं तुम्हाला त्यातून, वहिनी?

वहिनी : भावजी, तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या शिंप्याशी संसार केलाय मी. आज तर ते फारच स्पष्ट बोलतायत.

डॉक्टर : मग त्याला सांगा, दवाखान्यात मैदानाचा विषय नको. आ कर. आणखी मोठा. समोरून चेंडू येताना करतोस ना, तेवढा. हां. झालं. आता बस गाल धरून, बधिर व्हायला वेळ लागतो.

मास्टर : गाल बधिर होईपर्यंत एक ठरवून टाकू. दात कुणी पाडला?

डॉक्टर : पडलेला नाही. अर्धा तुटलाय.

मास्टर : अर्धा तर अर्धा. तोडला कुणी?

डॉक्टर : मी फटका मारायला स्टिक मागे घेतली. तुझं तोंड तिथे होतं.

मास्टर : माझं तोंड माझ्या चेहऱ्यावर होतं, डॉक्टर. आणि आपण दोघं एकाच संघातले आहोत.

वहिनी : अख्ख्या सामन्यात भावजींची स्टिक तेवढ्या एकाच गोष्टीला लागली.

डॉक्टर : वहिनी, तुम्ही गोलामागे उभ्या असता. तिथून खेळ नीट दिसत नाही.

वहिनी : उलट तिथूनच सगळं दिसतं. अकरा वेळा जाळीतून चेंडू काढून दिलाय मी. मध्यंतरात मला वाटलं, आता सरळ जाळीतच बसावं.

मास्टर : हसू नकोस गं, ओठ लटकतोय माझा. आणि तू तर हसूच नकोस, डॉक्टर. मी रक्ताळलेलं तोंड धरून बसलो होतो तेव्हा तू कुठे होतास?

डॉक्टर : तुटलेला तुकडा शोधत होतो गवतात. व्यवसाय आहे माझा.

मास्टर : आणि समोरच्या क्लबाची ती पंच बाई मात्र धावत आली. आल्या आल्या विचारते, विमा आहे का? मला वाटलं, रविवारचा जोडधंदा असेल बिचारीचा. म्हटलं, बाई, आधी रक्त थांबू दे, मग पॉलिसी काढू.

वहिनी : खेळाडूंच्या विम्याचं विचारत होत्या त्या. त्यांच्या क्लबात प्रत्येकाला आहे. संघटनेचे सभासद आहेत म्हणून.

मास्टर : ते मला नंतर कळलं. पंच बाईसुद्धा हळूच हसली. म्हणजे अकरा गोल खाल्ले ते कमी होतं, वर ही शोभा.

डॉक्टर : हे बघ मास्टर, मी शांतपणे सांगतो. संघटना कुणाची? राष्ट्राची. आपण कोण? तू कपडे शिवतोस, मी दात उपटतो, तो बेकरीवाला, तो पोस्टमन. रविवारी सकाळी आपण थोडं धावतो.

वहिनी : धावता?

डॉक्टर : बरं, धावायला निघतो. मुद्दा काय, राष्ट्राला आपलं काय करायचंय? आणि आपल्याला राष्ट्राचं? वर्गणी भरा, ओळखपत्र काढा, नियम वाचा. मी इतकी वर्षं एकही नियम न वाचता खेळलोय.

मास्टर : ते दिसतं.

डॉक्टर : आपण मजेसाठी खेळतो.

मास्टर : मजा? सातव्या गोलानंतर तू स्टिक फेकलीस. आठव्यानंतर तीच स्टिक शोधायला खेळ थांबवलास. मी त्यांच्या कप्तानाला हेच म्हटलं, की बाबा, आम्ही आपले हौशी, आम्हाला त्या सभासदत्वाचा काय उपयोग? तो म्हणाला, सभासदांमध्ये हौशीच जास्त आहेत. देशाकडून खेळणारे असतात मूठभर, बाकी सगळे तुमच्यासारखे. मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, म्हणजे, साधारण तुमच्यासारखे.

डॉक्टर : आणि तू ऐकून घेतलंस?

मास्टर : तोंडात रुमाल होता.

डॉक्टर : आता माझी बाजू ऐक. आज आपली कुठे नोंद नाही. म्हणजे अकरा-शून्यचीही नाही. झालं-गेलं, दव पडलं, उडून गेलं. उद्या संघटनेत गेलो की निकाल कळवावा लागेल. आज आपण गल्लीत हरतो. मग राष्ट्रीय पातळीवर हरू.

मास्टर : यात मात्र दम आहे.

वहिनी : यात कसला दम? मैदानाचं बोला की. ते सांगितलंत का भावजींना?

डॉक्टर : मैदानाचं काय?

मास्टर : पुढच्या हंगामापासून नोंदणी असलेल्या संघांना आधी वेळ देणार. उरलेली वेळ आपल्याला.

डॉक्टर : उरलेली म्हणजे कधीची?

मास्टर : भर दुपारची. नाहीतर मैदानावर पाणी मारत असतात तेव्हाची.

डॉक्टर : आपली रविवार सकाळ घेतायत? हे कुणी ठरवलं?

मास्टर : ठरवलं मैदानवाल्यांनी. आपण तक्रार करायची म्हटली तर कुठल्या नावाने करायची? आपल्या संघाला नावच नाही. आपण एकमेकांना 'उद्या येतोस ना' एवढंच विचारतो. आणि आता तेही कोण विचारतंय? बेकरीवाला खांदा धरून बसलाय. पोस्टमन म्हणतो, आठवडाभर चालतो तेवढं पुरे. परवा आपण नऊ जण होतो. त्यांनी त्यांची दोन पोरं उसनी दिली तेव्हा अकरा झालो.

डॉक्टर : आणि आपल्या बाजूने तेवढे दोघंच बरे खेळले, हे मान्य.

मास्टर : मला घरी जाताना रस्ताभर तेच वाटत होतं. हरण्याचं नाही रे, हरायची सवय आहे. पण आणखी दोघं कमी झाले की संपलं. कुणाला कळणारही नाही की असा एक संघ होता.

वहिनी : मी तर आपलं साधं सांगते. विमा नाही तर खेळ नाही. मागे बोटावर चेंडू बसला, कात्री धरता येईना. ऐन लग्नसराईत. नवऱ्या मुलाचा कोट शेवटी मी पुरा केला.

मास्टर : चांगला झाला होता.

वहिनी : एक बाही लांब होती. सगळ्या फोटोंत तो हात मागे बांधून उभा आहे. लोकांना वाटतं, मुलगा किती नम्र.

डॉक्टर : वहिनी, मी तुमच्या बाजूचाच आहे. पण संघटना मला मानवणार नाही.

वहिनी : का पण? खरं कारण सांगा भावजी. मघापासून तुम्ही तोच चिमटा पुसताय.

डॉक्टर : जन्मतारीख लागते.

मास्टर : मग? सगळ्यांनाच लागते.

डॉक्टर : दाखल्यासकट लागते.

मास्टर : तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेस. मला नाही लाज, तुला कसली?

वहिनी : अहो, ते लहान नसावेत.

डॉक्टर : तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे मी.

मास्टर : काय?

डॉक्टर : मी संघात आलो तेव्हा तुम्ही सगळे तरणेबांड होतात. कुणीतरी वय विचारलं, तोंडातून भलतंच निघालं. मग केस रंगवणं आलं. मग दर वर्षी हिशोब सांभाळणं आलं. वाढदिवसाला मेणबत्त्या लावताना बायकोला दरवेळी डोळा मारावा लागतो.

मास्टर : म्हणजे इतकी वर्षं धाकटा समजून सगळे कॉर्नर मी तुला मारायला दिले! म्हटलं, पोरगा आहे, शिकेल!

डॉक्टर : शिकलो नाही, हे खरं.

मास्टर : बरं झालं बोललास. आता माझं ऐक. त्या कप्तानानेच सांगितलं मला, साठीपुढच्यांचा वेगळा गट आहे संघटनेत. वेगळ्या स्पर्धा. सत्तर-पंचाहत्तरची माणसं खेळतात. तू तिथे गेलास तर सगळ्यांत तरुण.

डॉक्टर : सगळ्यांत?

मास्टर : पोरगा म्हणतील तुला.

डॉक्टर : हे आधी सांगायला काय झालं होतं? इकडे बघ, गाल दाब. काही जाणवतंय? नाही? मग टेक मागे. आता मात्र तोंड बंद. म्हणजे उघडं ठेव, पण बंद.

वहिनी : खूप वेळ लागेल का भावजी?

डॉक्टर : भरायचं, आकार द्यायचा, मग दिवा धरून वाळवायचं. तेवढा वेळ हा बोलू शकणार नाही.

वहिनी : मग मी आताच सांगून घेते. अहो, त्या संघटनेचे बायकांसाठीही वर्ग असतात. ज्यांनी कधी स्टिक धरली नाही त्यांच्यासाठी. बुधवारी संध्याकाळी, त्याच मैदानावर.

डॉक्टर : असं? तुम्हाला कसं माहीत?

वहिनी : मी जाते.

मास्टर : आँ?

डॉक्टर : हलू नकोस! वाकडा बसेल दात. काय म्हणतोय तो?

वहिनी : विचारतायत, कधीपासून. दोनेक महिने झाले. त्या पंच बाईच शिकवतात आम्हाला. परवा त्या हळूच हसल्या, ते तुमच्याकडे बघून नाही, मला बघून हसल्या.

मास्टर : आँ आँ आँगितलं आँई!

वहिनी : सांगितलं होतं. माझी नडगी काळीनिळी झाली तेव्हा तुम्ही विचारलंत, कशाने लागलं? मी म्हटलं, हॉकीच्या स्टिकने. तुम्ही शर्टाची कॉलर उलटवत होतात. म्हणालात, चालताना कपाट बघत जा जरा. दुसऱ्यांदा मग मुद्दामच नाही सांगितलं.

डॉक्टर : मुद्दाम का?

वहिनी : शिकवायला आले असते हो.

डॉक्टर : आलाच असता.

वहिनी : पहिल्या दिवशी फाटकातूनच परत फिरणार होते. आत सगळ्या माझ्यासारख्याच. एक आजी झालेली, एक कमरेला पट्टा लावलेली. बाईंनी हातात स्टिक दिली. विचारलं, आधी कधी खेळलात? म्हटलं, खेळले नाही, पण कित्येक वर्षं दर रविवारी बघते. त्या म्हणाल्या, मग मारून दाखवा. मी मारलं.

डॉक्टर : मग?

वहिनी : त्या म्हणाल्या, अरे देवा, हे असं कुणी शिकवलं?

डॉक्टर : याच्यावर गेलात वाटतं.

वहिनी : थोडं यांच्यावर, थोडं तुमच्यावर. म्हणाल्या, नवीन शिकणं सोपं आहे, हे विसरायलाच वेळ लागेल. मग माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी माझे हात धरले आणि नीट ठेवले. भावजी, इतक्या वर्षांत मैदानावर मी पाणी आणलं, चेंडू आणले, तुमच्या जखमांना पट्ट्या बांधल्या. पण या वयात कुणी आपल्याला काही नव्याने शिकवेल, असं मनातही आलं नव्हतं. तुम्ही विचारताय ना, आपल्यासारख्यांना काय फायदा? बाकीचं मला माहीत नाही. मी बुधवारची वाट बघायला लागले आहे, एवढं खरं.

डॉक्टर : डोळे मीट, दिवा धरतोय. मास्टर, पाणी का येतंय डोळ्यांतून? दुखतंय?

मास्टर : अं हं.

डॉक्टर : झालं. चूळ भर. एक-दोन तास काही चावू नकोस. आरशात बघ. आधीच्यापेक्षा सरळ बसलाय.

मास्टर : उद्या मी जाऊन सगळ्यांची नावं देऊन येतो संघटनेत. बेकरीवाल्याचं आणि पोस्टमनचंसुद्धा. तुझं काय करू?

डॉक्टर : दे. तारीख खरी लिही. एकदाच लिही आणि मोठ्याने वाचू नकोस.

मास्टर : आणि संघाचं नाव?

डॉक्टर : ते बुधवारच्या बायकांना विचार. त्यांना खेळता येतं.

मास्टर : अगं, ऐक ना.

वहिनी : ऐकतेय.

मास्टर : मला कधी कुणी शिकवलं नाही. मोठ्या पोरांचं बघत होतो, तसंच धरलं. तेव्हापासून तसंच. कसं धरतात?

वहिनी : आता? इथे?

डॉक्टर : धरा, वहिनी. बाहेर एकच जण बसलाय, त्याला कुठे घाई आहे. दात काढायचाय त्याचा.

(वहिनी कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलून मास्टरच्या हातात देते.)

मास्टर : असं?

वहिनी : ही तर कुऱ्हाड झाली. डावा वर, अगदी टोकाला. उजवा खाली. हं. आता वळवायचं ते डाव्याने. सगळं काम त्याचं. उजव्याने नुसतं सोबत राहायचं.

डॉक्टर : मीही बघतो हं. मी फक्त बघतोय.

वहिनी : अहो, उजवा सोडा की सैल.

मास्टर : सुटेल ना हातातून.

वहिनी : नाही सुटत. डाव्याने धरलंय ना.