तोंडात थर्मामीटर

शंकर नगरच्या दवाखान्यात आमच्या मागच्या बाकावर एक आजोबा ईसीजीच्या रिपोर्टची वाट पाहत होते आणि आजी त्यांना टीव्हीवरच्या जासूसाची गोष्ट सांगत होत्या. मी मान वळवली नाही, पण माझे दोन्ही कान मागेच होते.

“कालच्या भागात जासूसच आजारी पडला. चोर समोर उभा अन् याच्या तोंडात थर्मामीटर. नाव कसं सांगणार?”

“मंग?”

“मंग काय, नुसता हूं हूं करून राहिला. नर्स म्हणे, चुपचाप पडा.”

“अन् चोर?”

“तोच त्याचे पाय चेपून राहिला होता.”

“बाबूजी, रिपोर्ट आ गई. दिल एकदम ठीक है, बस गैस है,” सिस्टर सांगून गेली.

“ऐकलं ना? गॅस.”

“ऐकलं. पण गोदू, काल तर आपल्या मोहल्ल्यात रात्रभर लाईटच नव्हती. तू टीव्ही कुठं पाहिला?”

“तुम्हाले माहीत होतं, तर काहून ऐकत होते?”

“बोलून राहिली होती, तोवर तुझा हात कापत नव्हता.”

“चला, उठा आता.”

“उठतो. पण थर्मामीटर काढल्यावर त्यानं नाव कोणाचं घेतलं?”

“रिक्शात बसा आधी. सुचलं की सांगते.”