चपलांची राखण

अगं मंदा, देवीला मी आजवर पुष्कळ नवस बोलले, पण एक नवस कॉलेजच्या मैदानावर, खेळाच्या सरांच्या तोंडावर बोलले.

माझ्या सुमीला दिसत नाही, हे तुला ठाऊकच आहे. खेळाच्या तासाला सगळी पोरं धावायची आणि सर तिला त्यांच्या चपला राखायला बसवायचे! हे कळलं तशी मी बाभुळगावहून तडक कॉलेजात गेले.

"काकू, कायले रागावून राह्यल्या? तिले मार्क तर पूर्ण देऊन राह्यलो," सर म्हणाले.

"बसून राहण्याचे मार्क?"

"पडली तर? देवानं डोळे दिले असते तर खेळवलंच असतं ना."

"देवाशी माझं मी बघते. तुम्ही तुमचं मैदान बघा!"

चपलांच्या ढिगापाशी बसलेली सुमी हळूच म्हणाली, "सर, चेंडूत घुंगरू टाका. अंधशाळेत आम्ही आवाजावरच खेळत होतो."

सर हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या ढिगात मी माझीही चप्पल काढून ठेवली. म्हटलं, "पोरगी खेळेपर्यंत मी अनवाणी. रोज तासाला इथेच बसणार."

आणि बसले, भर उन्हात. "काकू, चप्पल घाला ना, प्राचार्य पाहून राह्यले," सर गयावया करायचे. शेवटी घुंगरांचा चेंडू आला. पहिल्याच दिवशी सुमीनं गुडघा फोडून घेतला, आणि मी देवीपुढे पेढे ठेवले.

तुझ्या व्हीलचेअरवरच्या भाच्यालाही नुसतं शिट्टी सांभाळायला बसवतात, म्हणालीस ना? मग त्याच्यासाठीचा उपास नंतर धर. आधी त्याच्या मैदानावर जा आणि चप्पल काढ.