मंगळवारचा कापूर

— तव्याचा चटका हाय म्हणलं ना एकदा, हाताकडं काय बगून राहिलास? बस. त्या पाटावर बस. बायकोनं सांगितलं व्हय, चतुराकाकूच्या हाताला चिंधी हाय म्हणून? सांगणारच. नळावर तिचा डोळा घागरीवर कमी आन माझ्या हातावर जास्त. भाकरी उलथताना लागलं. हाव, उजव्या हाताला. भाकरी काय डाव्यानं थापतेत का?

कशाला आलास ते कळलं मला. सख्खा पुतण्या तू, रामलिंगा, आन चुलतीच्या घरी येऊन इचारून राहिलास, की मंगळवारी अंगात देवी आल्ती का तूच व्हतीस. तोंडानं न्हाई इचारलंस, पर बसलास तसाच ना. इतक्या वर्सांत कुणाची छाती झाली न्हाई. अख्खं गाव येतं, देवणीहून माणसं येतेत, परडीत पीठ घालून पाया पडतेत — आन तू. का? तर देवीनं तुझ्या मनासारखं सांगितलं न्हाई. धर्माबादच्या आडत्याच्या पोराला लेक शिवांगी द्यायची, आईचा कौल घेऊ, म्हणून हलगीवाला तूच आणलास, ऊद तूच घातलास. ती हाव म्हणली असती तर आज माझा हात बगायला आला असतास? न्हाई. नारळ घेऊन आला असतास.

मला फरक कळत न्हाई म्हणतोस? अरे, मपलं अंग हाय हे. ती येती तव्हा पहिलं पायाचे तळवे गार पडतेत. मग जीभ जड होती, हलगी लांब जाती — शिवेच्या भाईर वाजल्यावानी — आन मग मी नसतेच. काय बोलले ते तुमी सांगता तव्हा कळतं. आन राग? राग कानाच्या मागं बसतो. भीती पोटात, बेंबीच्या खाली. रडू येणार असलं तर नाकाचा शेंडा आधी सांगतो. हे मला कुणी शिकवलं न्हाई, मंगळवार मंगळवार डोळे मिटून बसलं की आत काय हालतंय ते दिसाय लागतं, बाबा. तुला सांगू का, माझं लगीन ठरलं तव्हाबी असाच कौल झाल्ता. माझ्या आत्याच्या अंगात यायचं, ती म्हणली इथंच द्या, दिली. मी कोपऱ्यात हुबी, अंग थरथर. सगळे म्हणले, पोरगी भ्याली. मीबी तेच समजून बसले, लई वर्सं. नांदले, तुला काखंत घेऊन फिरले, तुझ्या काकाची माती झाली — आन मग एक दिवस धुणं धुताना ध्यानात आलं, की ती थरथर पोटात न्हवतीच. कानाच्या मागं व्हती. भ्याले न्हवते मी, रामलिंगा. रागावले व्हते. जिंदगी गेली सगळी, मपल्या रागाला भीती म्हणत. तव्हा माझ्या आत काय चाललंय ते तू मला सांगू नको.

मंगळवारी — हां, मंगळवारी शिवांगी हुबी व्हती भंडाऱ्याचं ताट घेऊन, मान खाली. तुमाला वाटलं, पोरगी लाजून राहिली. मी तिच्या कानाकडं बगत व्हते. लाल. कानामागनं मानेपर्यंत लाल. हलगी वाजून राहिली, ऊद नाकात गेला, मी वाट बगून राहिले — तळवे काय गार पडनात. म्हणलं ये बाई, आज तरी ये, सांग ह्यांना. न्हाई आली. मग —

मग काय. बोलली ना देवी. हे लगीन न्हाई, पोरगी लातूरला नर्सिंगला जाईल. सगळ्यांनी ऐकलं. तू मातर कापूर मागितलास. खरी आई असंल तर हात भाजणार न्हाई — रीतच हाय, मी कुठं न्हाई म्हणते, आजवर कितीकांनी पेटता कापूर ह्या तळहातावर ठेवला, मला पत्ताबी लागला न्हाई, दुसऱ्या दिशी कातडी जशीच्या तशी. ह्या येळी तू ठेवलास. मोठा खडा निवडून ठेवलास. पेटवलास आन माझ्या तोंडाकडं बगत बसलास. मीबी बगत व्हते. तुझ्या मिशीला घाम आल्ता, ते बगितलं. जाळ बोटांकडं सरकला, ते बगितलं. वास आला, तो मपल्याच कातडीचा. ओरड दातापर्यंत आली, तिला म्हणलं, थांब तिथंच. थांबली. विझंपर्यंत हालले न्हाई मी.

आता कशाला खाली बगतोस? हे घे, चिंधी सोडते. बग नीट, लांबून नको. तव्याचा न्हाई हा. देवी असती तर फोड आला नसता. मी व्हते, म्हणून आला. आन मीच म्हणते, त्या पोरीचं लगीन करू नको. देवी बोलली असती तर मुकाट्यानं ऐकलं असतंस, मग जिचा हात जळला तिचं ऐकाया काय झालं तुला?

जा, सांग गावाला, चतुराबाई खोटी म्हणून. पुढच्या मंगळवारी कुणी नका येऊ. ती आली तर येईल, मी बसंन एकटी. पर सांगशील तव्हा कापूर कुणी पेटवला तेबी सांग. न्हाईतर गप लातूरची गाडी धर, पोरीला घेऊन.

नाकाचा शेंडा लाल झालाय तुझा. राहू दे.

ऊठ आता. भाकरी व्हायची हाय आन ह्या हातानं पीठ मळंना. शिवांगीला नको पाठवू, तिला अभ्यास असंल. तूच हात धू.